जमीन घेण्याआधी तिच्या खालचं पाणी: भूजल-प्रदूषणाचं पहिलं मॉडेल कसं करावं

ट्रायक्लोरोइथिलीन हा धातूच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस काढण्यासाठी अनेक दशकं वापरला गेलेला द्रावक. या क्षेत्रात त्याला नुसतं टीसीई म्हणतात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर टीसीईचं वजन सुमारे १.४६ किलो. भागाकार करून पाहा: तो एक लिटर पूर्ण विरघळला, तर जवळजवळ २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचवतो. कारखान्याच्या मागच्या बाजूला वर्षानुवर्षं ओतलेले उरलेसुरले डबे मातीत मुरून गेलेले असतात आणि वर गवत उगवलेलं असतं. जमीन बघायला आलेल्या माणसाला गवत दिसतं.

म्हणून हा लेख. वाचणाऱ्याला भूजलशास्त्र येत नाही असं धरून लिहितो आहे. थोडं गणित मात्र लागेल. जमीन घेणारा, त्याला सल्ला देणारा तरुण अभियंता, किंवा दूषित जागेची सफाई ठरवणारा अधिकारी, या तिघांनाही वाट बरीचशी सारखीच चालावी लागते. मॉडेलकडून काय मागायचं हे ठरवल्याशिवाय मॉडेल करू नये, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे. पुढचे सगळे टप्पे त्यावरच उभे आहेत.

आधी प्रश्न, मग मॉडेल

नवखा माणूस कामाला बसला की पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडतो. ते बंद ठेवा. कागद घ्या आणि सौदा कोणत्या गोष्टीवर अडला आहे ते एका वाक्यात लिहा. ‘भूजल प्रदूषणाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘या जागेवर दिवसाला एक लाख लिटर उपसणारी विहीर घेतली, तर येत्या वीस वर्षांत तिच्या पाण्यात टीसीई ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाईल का?’ हा प्रश्न आहे. त्यात जागा आहे, उपसा आहे, काळ आहे आणि एक आकडा आहे, ज्याच्या अलीकडे घेणं आणि पलीकडे न घेणं.

आकडा पदार्थागणिक बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा नायट्रेटसाठी लिटरमागे ५० मिलिग्रॅम आणि आर्सेनिकसाठी १० मायक्रोग्रॅम आहेत; तुमच्या ठिकाणच्या नियमात वेगळं काही असेल तर तेच धरा. विहीर घ्यायचीच नसेल, तरी प्रश्न संपत नाही. टीसीई, बेंझिन यांसारखे उडून जाणारे पदार्थ भूजलातून वाफेच्या रूपात मातीतून वर येतात आणि तळघरात, जोत्याखालच्या भेगांतून घरात शिरतात. जागेवर शाळा किंवा राहती इमारत येणार असेल, तर पाणी कुणी पिणार नसलं तरी खालच्या उथळ पाण्यात काय आहे हे कळलंच पाहिजे.

या लेखात एकच कल्पित उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एक मोकळी जागा आहे. पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने पाहिलं तर तिच्या वरच्या अंगाला ४०० मीटरवर एक बंद पडलेलं वर्कशॉप आहे, तिथं टीसीई वापरलं जात होतं. खाली वाळूचा १५ मीटर जाडीचा थर पाण्याने भरलेला आहे. घेणाऱ्याला विहीर हवी आहे.

जागेचा आणि शेजाऱ्यांचा इतिहास

हा टप्पा लोक कंटाळवाणा समजतात. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच स्वस्तात मिळते. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, नगरपालिकेचे परवाने, जमिनीखालच्या टाक्यांच्या नोंदी, तिथं काम केलेल्या माणसांच्या आठवणी, सगळं गोळा करा. फक्त विकाऊ तुकड्यापुरतं बघू नका. वरच्या अंगाला किमान एक किलोमीटरभर बघा. पेट्रोलपंप, ड्रायक्लीनिंगची दुकानं, चामडं कमावण्याचे कारखाने, धातूवर मुलामा देणारे उद्योग, कचऱ्याचे जुने खड्डे, अग्निशमनाचा सराव होत असलेली मैदानं, यांची यादी करा.

यादी झाली की प्रत्येक नावासमोर पदार्थ लिहा, कारण सगळे पदार्थ जमिनीखाली एकसारखे वागत नाहीत. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं. त्यातलं बेंझिन सूक्ष्मजीव खातात, त्यामुळे त्याचा प्लूम, म्हणजे उगमापासून लांबत गेलेला दूषित पाण्याचा पट्टा, बरेचदा काही अंतरावर येऊन थांबतो. टीसीई किंवा ड्रायक्लीनिंगचं पर्क्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड. ते पाण्याच्या पातळीखाली उतरत जातं, चिकणमातीच्या थरावर साचतं, भेगांत अडकतं आणि तिथून दशकानुदशकं थोडं थोडं विरघळत राहतं. नायट्रेट आणि क्लोराइड पाण्याच्याच वेगाने जातात. क्रोमियमचं षट्‌संयुजी रूप पाण्याबरोबर वाहतं, त्रिसंयुजी रूप मातीला धरून बसतं. अग्निशमनाच्या फेसातून येणारे पीएफएएस गटातले पदार्थ निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत.

गळती कोणत्या वर्षी सुरू झाली, तेही शोधा. मॉडेलला हा आकडा लागतो आणि नेमका तोच सहसा मिळत नाही. न मिळाल्यास दोन टोकं लिहून ठेवा: वर्कशॉप सुरू झालं ते वर्ष आणि बंद पडलं ते वर्ष.

जमिनीखालचं चित्र

आता जमीन उभी कापली आहे असं समजून तिचा छेद कागदावर काढा. वर माती, मग वाळू, मध्ये चिकणमातीचे पदर, खाली खडक. पाऊस कुठे मुरतो, पाणी कुठे बाहेर पडतं, कोण उपसतं, ते बाणांनी दाखवा. याला संकल्पना-चित्र म्हणतात. हे चित्रच चुकलं तर नंतरचा प्रत्येक आकडा नीट मोजूनही उत्तर चुकीचंच येतं.

पाण्याची दिशा काढायला कमीत कमी तीन विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत नसाव्या लागतात. तिन्हींतली पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते काढलं की त्रिकोणावर पाण्याचा उतार आणि त्याची दिशा मिळते. ऐकायला सोपं आहे, पण आमच्या उदाहरणात उतार ०.००४ आहे, म्हणजे १०० मीटरमागे फक्त ४० सेंटिमीटर. विहिरीच्या तोंडाची उंची मोजताना १० सेंटिमीटरची चूक झाली तर उतार आणि दिशा दोन्ही बिघडतात. म्हणून विहिरींच्या तोंडांची उंची लेव्हलने मोजून घ्या, मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. सगळ्या विहिरी एकाच दिवशी मोजा. पावसाळ्यानंतर एकदा आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीला एकदा मोजा, कारण काही ठिकाणी ऋतूबरोबर दिशाच फिरते. तिन्ही विहिरींच्या जाळ्या, म्हणजे पाणी आत येऊ देणारे छिद्रांचे भाग, एकाच थरात, सारख्या खोलीवर आहेत याचीही खात्री करा. एक उथळ आणि एक खोल विहीर जोडून काढलेली दिशा निरर्थक असते.

नदी आडवी आहे म्हणून पलीकडचं दूषित पाणी इकडे येणार नाही, असं मानू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वोबर्न गावाच्या ‘जी’ आणि ‘एच’ या विहिरी १९६४ आणि १९६७ मध्ये सुरू झाल्या आणि टीसीईसारखे द्रावक सापडल्यावर १९७९ मध्ये बंद कराव्या लागल्या. दोन्ही विहिरी अ‍ॅबरजोना नदीच्या पूर्व काठावर. १९८५ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या तीस दिवसांच्या उपसा-चाचणीत असं दिसलं की विहिरी चालू असताना नदीचं पाणी तर ओढलं जातंच, शिवाय नदीच्या तळाखालून पश्चिमेकडच्या भूजलावरही ओढ बसते. गावातल्या कुटुंबांनी कंपन्यांवर भरलेल्या खटल्यात तज्ज्ञांची मोठी वादावादी झाली ती नदीखालून पाणी जातं की नाही आणि प्रदूषण विहिरींपर्यंत केव्हा पोचलं यावर. संकल्पना-चित्रातला एक बाण कुठे काढायचा, त्यावर माणसांच्या आयुष्याचे प्रश्न अडले होते.

कठीण खडकात, बेसॉल्ट असो की ग्रॅनाइट, हे काम आणखी अवघड होतं. पाणी भेगांतून जातं, आणि भेगेची दिशा पातळीच्या उताराशी जुळेलच असं नाही. अशा जागी विहिरीत खोलीगणिक प्रवाह मोजणं, दोन विहिरींमध्ये निरुपद्रवी रंग किंवा मीठ सोडून ते कुठे निघतं ते बघणं, याला पर्याय नाही.

कागदावरचं गणित

१८५६ साली आँरी डार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या आपल्या ग्रंथात वाळूतून पाणी झिरपवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातून निघालेला नियम आजही प्रत्येक भूजल मॉडेलच्या पोटात आहे. आपल्या कामापुरता तो असा: जलवाहकतेला, म्हणजे थरातून पाणी किती सहज जातं हे सांगणाऱ्या आकड्याला, उताराने गुणा, सच्छिद्रतेने, म्हणजे थरातल्या पोकळ जागेच्या हिश्श्याने, भागा, पाण्याचा वेग मिळतो.

उदाहरणात जलवाहकता दिवसाला १२ मीटर, उतार ०.००४, सच्छिद्रता ०.३० धरू. १२ गुणिले ०.००४ म्हणजे ०.०४८; भागिले ०.३० म्हणजे दिवसाला ०.१६ मीटर, वर्षाला सुमारे ५८ मीटर. वर्कशॉपपासून जागेपर्यंतचे ४०० मीटर पाणी जवळजवळ सात वर्षांत कापतं.

आता हाच हिशेब जलवाहकता ३ धरून करा: २७ वर्षं. ४० धरून करा: दोन वर्षं. वाळूच्या एकाच थरात इतका फरक अजिबात असामान्य नाही. म्हणून ‘प्रदूषण सात वर्षांनी येईल’ असं एका आकड्यात सांगणाऱ्या माणसाला विचारा की जलवाहकता कुठून आणली. विहिरीत पाण्याची पातळी झटकन बदलून ती पूर्ववत होताना मोजायची स्लग चाचणी स्वस्त आहे, पण ती विहिरीभोवतीच्या काही मीटरांबद्दलच बोलते. उपसा-चाचणी महाग, तीत एक विहीर एक-दोन दिवस सलग उपसून शेजारच्या विहिरींतली घट मोजतात आणि चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये दिलेल्या सूत्राने, किंवा त्याच्या सुधारित रूपांनी, उलगडतात. तिचं उत्तर मोठ्या क्षेत्राची सरासरी असतं. सौदा मोठा असेल तर उपसा-चाचणीवर खर्च करावा असं माझं ठाम मत आहे. उपसलेलं पाणी दूषित निघू शकतं, तेव्हा ते कुठे सोडायचं हे मात्र आधी ठरवा.

टीसीई पाण्याच्या वेगाने जात नाही. मातीतल्या सेंद्रिय कणांना चिकटत-सुटत जातं. त्याचा मंदन-गुणक, म्हणजे ते पाण्यापेक्षा किती पट हळू जातं तो आकडा, काढायला मातीची घनता, सच्छिद्रता आणि चिकटण्याचा गुणांक लागतो. घनता लिटरमागे १.८५ किलो, सच्छिद्रता ०.३० आणि गुणांक किलोमागे ०.१ लिटर धरला, तर मंदन-गुणक सुमारे १.६ येतो. म्हणजे टीसीई वर्षाला ३६ मीटर सरकेल आणि ४०० मीटरला सुमारे अकरा वर्षं लागतील. चिकटण्याने प्रदूषण उशिरा पोचतं, पण पोचतं. आणि सफाईच्या वेळी तेच चिकटलेलं टीसीई सुटायला तितकाच उशीर लावतं.

विघटनाबद्दल सावध राहा. अर्धायुष्य दोन वर्षं धरलं तर सात वर्षांत तीव्रता अकराव्या हिश्श्यावर येते, आणि हा एक आकडा टाकून कोणताही धोका कागदावर पुसून टाकता येतो. टीसीईचं विघटन ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव करतात, आणि त्यात आधी सिस-डायक्लोरोइथिलीन, मग व्हिनाइल क्लोराइड तयार होतं. व्हिनाइल क्लोराइड हा माणसाला कर्करोग करणारा सिद्ध पदार्थ आहे. नमुन्यांत ही पुढची अपत्यं सापडत नसतील, किंवा पाण्यात भरपूर ऑक्सिजन असेल, तर विघटन शून्य धरा. सापडत असतील तर विघटन चालू आहे, पण मग त्यांचाही माग घ्या.

हे गणित एका संध्याकाळी होतं. प्रदूषण पाचशे वर्षांत पोचणार असं सगळ्या टोकांच्या आकड्यांनी निघालं, तर संगणकी मॉडेलची गरजच नाही. दोन ते सत्तावीस असं निघालं, तर पुढे जा.

तुमची स्वतःची विहीर काय ओढेल

हा हिशेब नवखे लोक हमखास विसरतात, आणि जमीन घेणाऱ्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. आजचा प्लूम जागेच्या बाजूने निघून जातो म्हणून जागा सुरक्षित, असं विक्रेत्याच्या अहवालात लिहिलेलं असतं. पण तुम्ही उपसायला लागलात की दिशा तुमच्यामुळे बदलते.

विहीर वरच्या अंगाचा किती रुंद पट्टा ओढते, ते असं काढा: दिवसाचा उपसा घनमीटरमध्ये घ्या आणि त्याला जलवाहकता, थराची जाडी आणि उतार यांच्या गुणाकाराने भागा. दिवसाला एक लाख लिटर म्हणजे १०० घनमीटर. १२ गुणिले १५ गुणिले ०.००४ म्हणजे ०.७२. भागाकार सुमारे १४० मीटर. तुमची विहीर लांब वरच्या अंगाला दोन्ही बाजूंना सत्तर-सत्तर मीटरचं पाणी गोळा करते. प्लूमचा मध्य विहिरीच्या रेषेपासून पन्नास मीटर बाजूला जात असेल, तर तो आज तुमच्या जागेला शिवत नसला तरी उद्या तुमच्या नळाला येईल. उपसा निम्मा केला तर पट्टा सत्तर मीटरचा, एका बाजूला पस्तीसच, आणि प्लूम अरुंद असेल तर तो बाहेर राहतो. कित्येकदा सौद्याचं उत्तर ‘घेऊ नका’ असं नसतं, ‘घ्या, पण विहीर या कोपऱ्यात आणि एवढ्याच उपशाची’ असं असतं.

आता संगणक

मॉडफ्लो हा भूजलाच्या प्रवाहाचं गणित करणारा, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये आणलेला प्रोग्रॅम. तो मोफत आहे आणि जगभर प्रमाण मानला जातो. त्याची सहावी पिढी सध्या वापरात आहे. त्याच्या जोडीला पाण्याच्या कणांचा माग काढणारा मॉडपाथ आणि पदार्थाचं वहन मोजणारा एमटी-थ्री-डी. माउसने काम करायचं असेल तर मॉडेलम्यूज, पायथन येत असेल तर फ्लोपाय, दोन्ही मोफत.

मॉडेलचं क्षेत्र जागेच्या कुंपणापाशी थांबवू नका. कडा अशा ठिकाणी न्या जिथे निसर्गानेच काही ठरवून दिलं आहे: नदी, तलाव, पाणलोटाचा दुभाजक. कडेला मनाने पातळी ठरवून दिली तर मॉडेल तुमचंच गृहीतक तुम्हाला परत सांगतं. मॉडेल जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून गणित करतं; या ग्रिडचे सेल, म्हणजे तुकडे, जागेजवळ बारीक, लांब जाडे ठेवा. कामाचा क्रम माझ्या पद्धतीने असा: आधी काळ न घालता स्थिर प्रवाह, मग मॉडपाथने नियोजित विहिरीतून कण उलटे सोडून ते कुठून आले ते बघणं, आणि त्यानंतरच टीसीईचं वहन. उलट्या कणांच्या वाटा वर्कशॉपपासून दूर राहिल्या, तर अर्धी चिंता मिटते आणि वहनाचं किचकट मॉडेल छोटं होतं.

वहनात विखुरणाचा, म्हणजे वाहताना पदार्थ पुढे-मागे आणि आडवा किती पसरतो याचा, आकडा लागतो. प्रवासाच्या अंतराचा दहावा भाग धरायची सवय आहे, पण लिन गेल्हार आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये क्षेत्रीय मोजमापांची छाननी केली तेव्हा विश्वासार्ह आकडे कमी निघाले, आणि आडवं विखुरण त्याहून बरंच लहान. आडवं विखुरण मोठं धरलं की पडद्यावर प्लूम पसरट आणि फिका दिसतो, मध्यातली तीव्रता मर्यादेच्या आत येते. ते खोटं समाधान असतं. प्रत्यक्षातले प्लूम पुष्कळदा लांब, अरुंद आणि मध्ये तीव्र असतात, आणि दोन विहिरींच्या मधून निसटतात.

जुळवणी आणि तिचे सापळे

मॉडेलने काढलेली पातळी आणि विहिरीत मोजलेली पातळी जुळेपर्यंत आकडे बदलत जाणं म्हणजे कॅलिब्रेशन. पेस्टसारखा प्रोग्रॅम ते आपोआप करतो. पण पातळी जुळली म्हणजे वेग बरोबर आला असं नाही. पावसाचं मुरणं दुप्पट आणि जलवाहकताही दुप्पट केली, तर बहुतेक ठिकाणी पातळी तीच राहते, पाण्याचा वेग मात्र दुप्पट होतो. सात वर्षांचं उत्तर साडेतीन होतं आणि आलेख तितकाच सुंदर दिसतो. ही गाठ सोडवायला पाण्याचं प्रमाण सांगणारी एखादी मोजणी हवी: कोरड्या ऋतूत ओढ्याला भूजलातून येणारं पाणी, उपसा-चाचणी, किंवा ट्रिटियम या हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपावरून काढलेलं पाण्याचं वय. अहवालात अशी एकही मोजणी नसेल, तर पोचण्याच्या वर्षावर विश्वास ठेवू नका.

दुसरा सापळा सरासरीचा. कॅनडात बोर्डनच्या वाळूत १९८२ साली सुरू झालेल्या प्रयोगात सोडलेले पदार्थ बरेचसे पाठ्यपुस्तकाप्रमाणे सरकले. अमेरिकेत मिसिसिपीतल्या कोलंबस हवाई तळावरच्या गाळात तसं झालं नाही: सोडलेल्या पदार्थाचा बराच भाग उगमापाशी रेंगाळला आणि थोडा भाग जाड वाळूच्या वाटांनी फार पुढे निघून गेला. दोन्ही जागी तज्ज्ञ होते, शेकडो नमुने होते. फरक जमिनीत होता. तुमची जमीन बोर्डनसारखी आहे की कोलंबससारखी, हे बोअरच्या नोंदी उघडून बघा. दर मीटरला थर बदलत असेल तर एका सरासरी आकड्याचं मॉडेल तुम्हाला सर्वांत लवकर पोचणाऱ्या पाण्याबद्दल काही सांगणार नाही.

एकाच मॉडेलवर सौदा करू नका

मोजमापांशी सारखंच जुळणारी शंभर वेगवेगळी मॉडेलं बनवता येतात. ती सगळी चालवा. समजा शंभरांपैकी साठ रनमध्ये विहीर वीस वर्षांत मर्यादा ओलांडते आणि चाळीसमध्ये नाही. हे अपयश नव्हे. आता पुढचा प्रश्न विचारा: या साठ आणि चाळीस मॉडेलांत फरक नेमका कशाचा आहे? समजा असं दिसलं की साठांमध्ये वर्कशॉप आणि जागेच्या मधला चिकणमातीचा थर तुटलेला आहे, चाळीसांत अखंड. मग पुढचा पैसा कुठे घालायचा ते कळलं: त्या दोघांच्या मध्ये दोन बोअर. अखंड थर मिळाला तर भाव ठरवायला बसा. तुटलेला मिळाला तर विहिरीचा विचार सोडा किंवा सौदा सोडा.

मॉडेलकडून मला हे हवं असतं. रंगीत नकाशा कुणालाही काढता येतो. कोणती एक गोष्ट कळली तर निर्णय बदलेल हे दाखवणारं मॉडेल बोअरच्या खर्चाच्या कितीतरी पट वाचवतं. आणि कोणताही आकडा बदलला तरी निर्णय तोच राहत असेल, तर आणखी मोजमापं करणं थांबवा.

सफाई: किती वर्षं, कोणाच्या खर्चाने

जागा आधीच दूषित असेल तर भाव सफाईच्या वर्षांवर ठरतो, आणि तिथे मॉडेल अतिआशावादी असण्याचा धोका सगळ्यात मोठा. साधा हिशेब बघा. प्लूम ४०० मीटर लांब, ६० मीटर रुंद, १५ मीटर जाड, सच्छिद्रता ०.३०. आत १ लाख ८ हजार घनमीटर पाणी. दिवसाला ३०० घनमीटर उपसून शुद्ध केलं तर ते पाणी एकदा बदलायला ३६० दिवस. मंदन-गुणक धरून एक फेरी दीड-पावणेदोन वर्षांची, आणि अशा अनेक फेऱ्या लागतात. कागदावर दहा वर्षांत काम संपतं.

प्रत्यक्षात ते लांबतं ते चिकणमातीमुळे. वाळूत टीसीई वाहत असताना वर्षानुवर्षं ते शेजारच्या चिकणमातीत शिरत राहिलेलं असतं. वाळू स्वच्छ झाली की ते उलट बाहेर पडू लागतं, आणि पाणी पुन्हा मर्यादेच्या किंचित वर रेंगाळत राहतं. पंप बंद केला की काही महिन्यांत आकडे परत चढतात. पन्नास सेंटिमीटरच्या चिकणमातीला एकाच सेलमध्ये बसवणारं मॉडेल हे दाखवूच शकत नाही. तिथे काही सेंटिमीटरचे पातळ थर करावे लागतात. ‘सफाई पाच वर्षांत’ म्हणणारा अहवाल हातात आला की मी आधी चिकणमातीच्या थरांचं काय केलं आहे ते पान उघडतो.

म्हणून उगमाला हात घालणाऱ्या उपायांना आधी तपासा. दूषित माती खणून काढणं, मातीतली वाफ ओढून घेणं, परमँगनेट सोडून जागीच ऑक्सिडीकरण करणं, किंवा सूक्ष्मजीवांना खाद्य देऊन विघटन वाढवणं. प्लूमच्या वाटेत लोखंडाच्या चुऱ्याची आडवी भिंत घालण्याचा उपायही आहे. पाणी तिच्यातून जाताना टीसीई मोडतं. मॉडेलमध्ये उगमाचं वस्तुमान नव्वद टक्के काढलं तर वर्षं किती कमी होतात ते बघा. बऱ्याचदा उत्तर मनाला लागतं: उरलेले दहा टक्केही मर्यादेच्या वर राहायला पुरतात. तरीही उगम कमी केल्याने खालच्या अंगाचे शेजारी वाचतात, वाफेचा धोका घटतो, आणि ते करण्यासारखं असतं.

सौद्याच्या टेबलावर मॉडेलच्या आधाराने मागण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. सफाईच्या अपेक्षित खर्चाएवढी रक्कम तिऱ्हाइताकडे ठेवणं, दूषित कोपरा वगळून उरलेला तुकडा घेणं, विक्रेत्याने निरीक्षण विहिरी चालू ठेवायची अट, इमारतीखाली वाफ अडवणारा पडदा आणि पंखा. जबाबदारीचा कायदा देशागणिक वेगळा आहे. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याने प्रदूषण न केलेल्या आजच्या मालकावरही सफाईचा खर्च येऊ शकतो, आणि खरेदीआधी योग्य चौकशी केलेल्या प्रामाणिक खरेदीदाराला २००२ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळालं. चौकशी सहीच्या आधी झाली होती याचे तारीखवार कागद जपून ठेवा, तुम्ही कुठेही असा.

जमीन घेतल्यानंतर

घेतलीत, तर मॉडेल कपाटात ठेवू नका. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याची परवानगी घेऊन तुमच्या विहिरीपासून ७५ मीटर वर, प्लूमच्या संभाव्य वाटेवर, एक राखण-विहीर खणा. वर्षाला ३६ मीटरच्या वेगाने टीसीई तिच्यात दिसल्यापासून तुमच्या विहिरीपर्यंत दोन वर्षं मिळतात. जलवाहकता ४० निघाली तर तोच वेग वर्षाला १२० मीटर होतो, आणि तुमचा उपसा त्यात भर घालतो. तेव्हा हातात सातच महिने, किंवा त्याहूनही कमी. राखण-विहिरीचा नमुना म्हणूनच वर्षातून एकदा घेऊन चालणार नाही, तीन महिन्यांनी घ्या, आणि प्रत्येक नवा आकडा मॉडेलच्या शंभर रनशी ताडून बघा. जे रन त्या आकड्याशी जुळत नाहीत ते काढून टाका. दोन-तीन वर्षांत शंभराचे वीस उरतील, आणि तेव्हा विहिरीचा उपसा वाढवायचा की नाही हे तुम्ही पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी खात्रीने ठरवू शकाल.